दुसरी चिमणाबाई



मी पुष्कळ वर्षे नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास शिकविला. पनवेलच्या मास्तरला एक सोय असते. पुस्तकातला इतिहास कंटाळवाणा वाटू लागला की मुलांना घेऊन शिरढोणला जावे, वासुदेव बळवंतांचे घर दाखवावे आणि परत यावे. मुले खूष होतात, आणि फडक्यांचे चरित्र त्यांना एडनच्या तुरुंगापर्यंत धडाधड सांगता येते. एका वर्षी परतीच्या वाटेवर मी सहज विचारले, "त्यांच्या पत्नीचे नाव काय?" सगळी गाडी गप्प झाली. नाव गोपिकाबाई. वासुदेव बळवंतांनी त्यांना लिहावाचायला शिकविले, घोड्यावर बसायला शिकविले, शस्त्र धरायला शिकविले. आणि पती काळ्या पाण्यावर गेल्यावर या बाईने उरलेले सारे आयुष्य एकटीने काढले. चार-दोन फर्लांग कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, हे परीक्षेला येतं का?"

हा प्रश्न मी वाईट मानीत नाही. मुलाने आपल्या शिकविण्याचे मर्म बरोबर ओळखले होते. इतिहासातल्या स्त्रिया मुलांना देण्यासाठी आपण दोनच कप्पे केले आहेत. एकात देवी आहेत, त्यांच्या तसबिरीला हार घालायचा. दुसऱ्यात हाती तलवार घेतलेल्या राण्या आहेत, त्यांचे पोवाडे म्हणायचे. या दोन्हींत न बसणारी एक तिसरी स्त्री मात्र वर्गाच्या दाराशी उभी राहते. तिच्याजवळ राजमुद्रा नाही, फौज नाही, कायद्याने दिलेला काडीचाही अधिकार नाही. ती सत्ताधीशाची पत्नी किंवा माता आहे, इतकेच. अमेरिकेत अशा स्त्रीला 'फर्स्ट लेडी' म्हणतात. आपणही राष्ट्रपतींच्या पत्नीला 'प्रथम महिला' म्हणू लागलो. नाव मोठे आहे, पण तिने नक्की काय केले हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना कसे सांगावे? त्यांना खोटेपणाचा वास फार लवकर येतो. आजचा माझा विषय हा आहे, आणि तो मी एकाच बाईच्या आयुष्याच्या आधाराने मांडणार आहे: बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड.

बडोद्याला निघण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यात क्षणभर थांबू. अधिकाराचे पद नसलेल्या बाईचे वजन कोकणाला नवीन नाही. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले म्हणत विधी पुढे नेते. तिला कोणी सनद दिलेली नसते, तरी तिच्या शब्दाशिवाय लग्नघरात पान हलत नाही. आणि श्रीवर्धनच्या भटांच्या घरातल्या राधाबाई तर राजकारणातल्याच. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी, बाजीराव आणि चिमाजीअप्पांच्या मातोश्री. १७३५ साली त्या काशीयात्रेला निघाल्या. वाटेत उदेपूर आणि जयपूरच्या दरबारांनी त्यांचा मोठा मानमरातब केला. जी राज्ये मराठ्यांकडे संशयाने पाहत होती त्यांच्या वेशीतून पेशव्यांची आई सन्मानाने गेली, आणि पुढच्याच वर्षी बाजीराव स्वतः राजपुतान्यात उतरले. यात्रा पुण्यासाठी होती हे खरेच. पण तिच्यामागोमाग वकिली चालून गेली हेही तितकेच खरे. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही यात्रा आली तर एका ओळीत येते.

असो. आता बडोदे.

१८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. त्याला अक्षरओळखही नव्हती. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. त्यांचे पहिले लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाले. सासरी त्यांना चिमणाबाई हे नाव मिळाले. १८८५ साली त्या क्षयाने वारल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई महाराजांची दुसरी पत्नी म्हणून आल्या. वय चौदाच्या आसपास. आणि या मुलीलाही सासरी नाव मिळाले चिमणाबाई.

ही गोष्ट मी वर्गात सांगत असे तेव्हा मुली एकमेकींकडे पाहत. मुले विशेष पाहत नसत. गेलेल्या सवतीचे नाव नव्या नवरीला घालणे राजवाड्याच्या दृष्टीने अगदी साधे होते. पण यामुळे इतिहासातही गोंधळ उडतो. बडोद्यात १८९६ साली बांधलेला चिमणाबाई मनोरा म्हणून घड्याळाचा एक बुरूज आहे. पुष्कळ जण तो या राणीचा समजतात. तो आहे पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ. आपण जिच्याविषयी बोलत आहोत ती दुसरी. इंग्रजी ग्रंथांत तिच्या नावापुढे आकडा घालतात, राजांच्या नावापुढे घालतात तसा.

नव्या राणीचे माहेरी शिक्षण म्हणण्यासारखे झालेले नव्हते. पण तिचा नवराही बाराव्या वर्षी श्रीगणेशा गिरविलेला होता, आणि शिकण्याची गोडी लागलेल्या माणसाला घरात अडाणी पत्नी सहन होईना. शिक्षक नेमले गेले. १८८७ साली दोघे विलायतेला गेले, राणी पडद्यातच. हा पडदा कसा असे ते सांगितले पाहिजे, नाही तर मुलांना तो खिडकीच्या पडद्यासारखा वाटतो. १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. त्याच्या दरबार महालाच्या वरच्या बाजूला जाळीदार गवाक्षे आहेत. खाली दरबार भरे. राणीवशाने जाळीमागून पाहायचे. खालच्या माणसांना त्यांचे तोंड दिसत नसे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या राणीने तो पडदा टाकला आणि पतीच्या शेजारी उघड्या चेहऱ्याने ती समारंभात बसू लागली. जाळीपासून खालच्या खुर्चीपर्यंत अंतर पंचवीस-तीस फुटांचे असेल. तेवढे उतरायला तिला पंचवीस-तीस वर्षे लागली.

या मधल्या काळात बडोद्यात काय चालले होते ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ साली ते सर्व राज्याला लागू झाले, मुलींनासुद्धा. मुलींच्या सक्तीची वर्षे मात्र मुलांपेक्षा कमी. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असलेच विधेयक १९११ साली मांडले, ते फेटाळले गेले; यावरून बडोदे किती पुढे होते याची कल्पना येईल. १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीच्या लग्नाचे किमान वय बारा, मुलाचे सोळा. १९३१ साली हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा कायदा मिळाला. मुंबई प्रांताला तो १९४७ पर्यंत मिळाला नव्हता, आणि सर्व भारताला १९५५ साली मिळाला.

येथे शिक्षकाची पहिली कसोटी लागते. या सर्व कायद्यांचे श्रेय राणीला देऊन टाकण्याचा मोह होतो. "प्रत्येक थोर पुरुषामागे" वगैरे वाक्य तयारच असते. ते वाक्य वर्गात म्हणू नये असे माझे मत आहे. त्या कायद्यांवर सही सयाजीरावांची आहे. राणीने अंतःपुरात काय सुचविले, काय अडविले, कोणत्या रात्री कोणता वाद झाला, याचा कागद आपल्याजवळ नाही. आणि कागद नाही तेथे भक्तीने जागा भरून काढणे हे कीर्तनकाराचे काम, इतिहासाच्या मास्तराचे नव्हे. वर्गात एक मुलगी मला म्हणाली होती, "मग त्यांनी स्वतः काय केलं ते सांगा ना." मागणी रास्त होती. जे तिच्या नावावर निर्विवाद आहे तेवढे आधी फळ्यावर लिहावे. ते थोडे नाही.

१९११ साली लंडनला एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले: 'द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ'. त्यावर दोन नावे आहेत, बडोद्याच्या महाराणींचे आणि सिद्धमोहन मित्र या लेखकाचे. कोणता परिच्छेद कोणाचा हे वेगळे काढता येत नाही, आणि ते मुलांना सांगावे. पण पुस्तकाचा रोख पाहण्यासारखा आहे. त्या काळी स्त्रीशिक्षणाचे कैवारी बहुधा असा युक्तिवाद करीत की शिकलेली बाई चांगली माता होते. या पुस्तकात पाने भरून वर्णन आहे ते उद्योगांचे: युरोपात, अमेरिकेत, जपानात बायका कोणकोणती कामे करतात, शेती-बागायत कशी सांभाळतात, रुग्णालये कशी चालवितात, त्यांच्या संस्था कशा उभ्या राहतात, आणि यांतले हिंदुस्थानात काय आणता येईल. बाईच्या हातात पैसा कसा येईल याची ती चौकशी आहे. बडोद्यात या राणीच्या नावाचे स्त्री उद्योगालय उभे राहिले ते याच विचारातून. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले होते, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाचे काम चालू होते. म्हणजे ही राणी एकटी नव्हती. फरक इतकाच की रमाबाईंना वर्गणीसाठी दारोदार जावे लागे, आणि राणीचे दार राजवाड्याचे होते.

आता मी माझ्या एका चुकीकडे येतो.

त्याच १९११ च्या डिसेंबरात दिल्लीला बादशहाचा दरबार भरला. सयाजीराव बादशहापुढे एकदाच मान लववून पाठ फिरवून परतले, आणि इंग्रजी पत्रांनी काहूर केले. हा भाग मी रंगवून सांगत असे. मुलांना तो आवडतो. त्याच दरबाराच्या दिवसांत घडलेली दुसरी गोष्ट मी गाळीत असे. राणीची एकुलती एक मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२ चा. आईबापांनी तिचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरविले होते. माधवरावांची पहिली पत्नी हयात होती; त्यांना मूल नव्हते. ग्वाल्हेरचा राणीवसा पडद्यातला. दिल्लीत इंदिराराजेंची कूचबिहारच्या धाकट्या राजपुत्राशी, जितेंद्र नारायणांशी, भेट झाली, आणि तिने आईबापांना न सांगता शिंद्यांना स्वतः पत्र धाडून लग्न मोडले. ग्वाल्हेरहून तार आली तेव्हा कुठे राजवाड्याला ही वार्ता कळली. कूचबिहारचे घराणे ब्राह्म समाजाच्या प्रभावातले, केशवचंद्र सेनांच्या मुलीचे सासर. राणीला हे स्थळ मुळीच पसंत नव्हते. दीड वर्षाहून अधिक काळ ताणाताण चालली. अखेर १९१३ च्या ऑगस्टात लंडनला लग्न लागले. आईबाप लग्नाला नव्हते.

मी हे गाळीत असे, कारण मला ते घरगुती प्रकरण वाटे. खरे सांगायचे तर राणीच्या तसबिरीला त्यामुळे डाग लागतो असे वाटे. पण हल्लीची मुले खिशातल्या फोनवर सारे शोधून काढतात. एका वर्षी एक मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आईनं लिहिलेलं पुस्तक त्या मुलीनं वाचलं होतं का?"

मी निरुत्तर झालो. पुस्तक १९११ चे आणि पत्रही १९११ चेच! एका हाताने भारतीय स्त्रीच्या भवितव्याचा ग्रंथ लिहिणारी आई दुसऱ्या हाताने आपल्या मुलीला एका पडद्याच्या घरात दुसरी पत्नी म्हणून देऊ करीत होती, जशी ती स्वतः एके काळी दुसरी म्हणून आली होती. यात ढोंग आहे का? पंधरा वर्षांची मुले लगेच "हो" म्हणतात. मी त्यांना थांबवितो, पण ती चूक आहेत असेही म्हणत नाही. मी त्यांना विचारतो की बडोदे आणि ग्वाल्हेर, मराठ्यांची दोन मोठी संस्थाने, या लग्नाने जोडली जाणार होती. आईच्या दृष्टीने ती सोयरीक हेच तिचे राजकारण नव्हते काय? तिच्या हाती दुसरे कोणते राजकारण होते? आणि मग दुसरा प्रश्न: मुलीला पत्र लिहिण्याचे धैर्य कोठून आले? तिला शिकविले कोणी, युरोपात नेले कोणी, चार माणसांत बोलायची सवय लावली कोणी? या प्रश्नांवर वर्गात दोन तट पडतात. पडू द्यावेत. माझा सर्वांत चांगला तास या गाळलेल्या गोष्टीवर झाला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे इंदिराराजेंच्या नशिबी काय आले तेही मुले विचारतात. लग्नानंतर थोड्याच आठवड्यांत दीर वारले आणि त्या महाराणी झाल्या. १९२२ साली पतीही गेले. मुलगा अज्ञान होता. १९३६ पर्यंत कूचबिहारचा कारभार त्यांनी चालविला. म्हणजे आईला जन्मभर जी मुद्रा मिळाली नाही ती मुलीच्या हाती चौदा वर्षे होती. त्यांची मुलगी गायत्रीदेवी १९६२ साली जयपुरातून प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून आली.

आता १९२७ साल. या एका सालासाठी मी दोन तास ठेवीत असे. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी पुढाकार घेऊन देशातल्या स्त्रियांना हाक दिली होती, की मुलींचे शिक्षण कसे असावे हे स्त्रियांनी स्वतः एकत्र बसून ठरवावे. त्याप्रमाणे जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षा होत्या महाराणी चिमणाबाई. परिषदेने ठरविले होते की शिक्षणाबाहेर जायचे नाही, राजकारणाला शिवायचे नाही. पण मुलींच्या शिक्षणाचा विचार सुरू झाला की तो बालविवाहाशी येऊन अडतो, हे कोणत्याही शाळामास्तराला ठाऊक आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी मुलगी सासरी गेली तर अभ्यासक्रम कोणासाठी करायचा? म्हणून पहिल्याच परिषदेने बालविवाहाविरुद्ध आवाज उठविला, आणि तेथून जी चळवळ वाढली तिचे बळ १९२९ च्या शारदा कायद्यामागे होते. मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा. बडोद्याचा १९०४ चा कायदा अध्यक्षांच्या अनुभवात होता, आणि त्याची लंगडी बाजूही होती: लोक दंड भरीत आणि मुलींची लग्ने उरकीत. कागदावरच्या कायद्याने काय होते आणि काय होत नाही हे त्या खुर्चीवर बसलेल्या बाईइतके सभागृहात फार थोड्यांना माहीत असेल. दुसऱ्या वर्षी, १९२८ साली, दिल्लीच्या अधिवेशनात ती खुर्ची भोपाळच्या बेगमसाहेबांकडे गेली. १९३२ साली याच परिषदेच्या प्रयत्नाने दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज निघाले.

पण त्याच १९२७ च्या मार्चात आपल्या जिल्ह्यात महाडला काय घडले? चवदार तळे. आणि डिसेंबरात त्याच महाडच्या दुसऱ्या परिषदेला जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे डॉ. आंबेडकर स्वतंत्रपणे बोलले, नेसण्याविषयी, दागिन्यांविषयी, मुलींना शाळेत घालण्याविषयी. पुणे आणि महाड यांत घाट आडवा आहे, अंतर फार नाही. फर्ग्युसनच्या सभागृहात महाडच्या या बायका नव्हत्या. जे आंबेडकर महाडला उभे होते ते १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेले; आणि १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी खानावळीतून त्यांना बाहेर काढले गेले. दरबारचा हुकूम राजवाड्याच्या फाटकाबाहेर किती चालतो याचा हा पुरावा आहे. राणीच्या वारशाबद्दल शिकविताना हा धडा गाळला तर महाड ज्या जिल्ह्यात आहे तेथील मुलांशी आपण प्रतारणा करू.

वारसा मोजायचा कसा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या प्रथम महिलेचे उदाहरण येथे उपयोगी पडते. एलिनॉर रूझवेल्ट १९३३ ते १९४५ या काळात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी होत्या. केवळ स्त्री बातमीदारांसाठी त्या वार्ताहर-परिषदा घेत. त्यामुळे वृत्तपत्रांना निदान एक तरी बाई नोकरीवर ठेवावी लागे. ही युक्ती मुलांना फार आवडते. पती निवर्तल्यावर त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. १९५२ साली त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. त्या आयोगात १९४७-४८ साली जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाचा मसुदा चालू होता: 'ऑल मेन', सर्व पुरुष, जन्मतः स्वतंत्र व समान आहेत. एलिनॉरबाईंचे म्हणणे असे की इंग्रजीत 'मेन' म्हटले की त्यात स्त्रिया आल्याच. भारताच्या प्रतिनिधी म्हणाल्या, काही देशांत याचा अर्थ अक्षरशः लावतील आणि स्त्रियांना वगळतील. अखेर १० डिसेंबर १९४८ रोजी जे मंजूर झाले त्यात शब्द होते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज', सर्व मानव.

या भारतीय प्रतिनिधी म्हणजे हंसा मेहता. त्यांचे वडील मनुभाई मेहता १९१६ ते १९२७ बडोद्याचे दिवाण होते. हंसाबेन बडोद्यात वाढल्या, बडोदे कॉलेजातून पदवीधर झाल्या. १९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहतांशी ज्ञातीबाहेर लग्न केले, नागर ज्ञातीत वादळ उठले, आणि दरबार या वेळी लग्नाच्या बाजूने उभा राहिला. इंदिराराजेंच्या लग्नाला तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती! १९४५-४६ साली हंसाबेन त्याच महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या, जिच्या पहिल्या अध्यक्षा चिमणाबाई होत्या. महाराणींनी हंसाबेनना घडविले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार नाही, आणि हंसाबेनचे कर्तृत्व त्यांचे स्वतःचे आहे. पण एका शहराची हवा असते. ज्या गावात राणी जाळीमागून उतरून खुर्चीवर बसली, त्या गावची मुलगी न्यूयॉर्कच्या टेबलाशी एक शब्द बदलून घेते, यात मला तरी नवल वाटत नाही. इतके सांगून मी वर्गात थांबत असे. उरलेले मुलांनी जोडावे.

महाराणी १९५८ साली वारल्या. संस्थान त्यापूर्वी नऊ वर्षे विलीन झाले होते. वयात आलेले मुलगे, पती, गादी, सारे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

शेवटच्या काही वर्षी मी या धड्यावर परीक्षा घेत नसे. एक गृहपाठ देत असे. फळ्यावर चार ओळी लिहायचो: १९०४, बडोदे, मुलीचे वय बारा, १९२९, शारदा कायदा, चौदा, १९४९, पंधरा, १९७८, अठरा. मुलांनी घरी जाऊन आजीचे आणि पणजीचे लग्न कोणत्या वर्षी, कितव्या वयात झाले ते विचारायचे आणि या ओळींपुढे मांडायचे. पनवेलचा वर्ग आता पूर्वीचा राहिलेला नाही. कोणाची आजी उरणच्या आगरातली, कोणाची जालन्याची, कोणाची साताऱ्याची, कोणाची थेट उत्तर प्रदेशातली. कागद येत ते पाहण्यासारखे असत. पणज्यांची वये बहुतेक ठिकाणी कायद्याच्या खाली. एका घरी आजीने नातीला सांगितले की माझे वय दाखल्यावर दोन वर्षे वाढविले होते, आणि हे ती साठ वर्षांनी प्रथमच कोणाला सांगत होती.

एका मुलाचा कागद अर्धा कोरा होता. मी जरा रागावलो. तो म्हणाला, "सर, वय सांगितलं आजोबांनी. पण वर तुम्ही लिहिलं होतं ना, लग्नाआधीचं नाव. पणजीचं लग्नाआधीचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. आजोबांनी त्यांच्या मामेभावाला फोन लावला. त्यालाही माहीत नाही."

मी म्हटले, कागद तसाच राहू दे. तो मुलगा दोन दिवसांनी पुन्हा आला. मामेभावाने गावी कोणाला तरी विचारले होते. कागदाच्या कोऱ्या जागी त्याने पेन्सिलीने एक नाव लिहिले होते, आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह.